फलकावरचा मीठभात

रमजान संपत आला होता. रोजा सुटायला थोडा वेळ असताना खांबांवर उभ्या माझ्या घराच्या जिन्याखाली तांदळाची गोणी येऊन पडली. सोबत तेलाचा डबा, साखर, खजुराचा खोका, आणि सगळ्यावर मशिदीचा शिक्का. वाहून आणणारे दोन बाप्ये घाम पुसत उभे होते आणि त्यांच्या मागे इमाम हाजी देरामान, नजर जमिनीवर.

"घर चुकलात, हाजी," मी वरूनच म्हटलं. "विधवा मरियम मागच्या बोळात राहते."

"चुकलो नाही, वान मस्तुरा. यंदा यादीत तुमचं नाव आहे."

"देणाऱ्यांच्या यादीत दरवर्षीच असतं."

हाजी खाकरला. "घेणाऱ्यांच्या."

माझ्या नवऱ्याने त्या मशिदीचा हौद बांधून दिलाय. माझ्या सोन्यावरचं दान दर वर्षी न चुकता त्याच मशिदीत जातं, आणि त्याच सोन्यातलं थोडं तेव्हाही माझ्या हातात किणकिणत होतं. मी जिना उतरून खाली आले. हाजीने बांगड्यांकडे पाहिलं आणि चटकन नजर फिरवली, जणू मीच काहीतरी चोरून घातलंय.

"कोण म्हणालं मी उपाशी आहे?"

"कार्यशाळेवर फलक लागलाय. फोटोसकट. कमिटीच्या पोरांनी वाचला. आता शेजारी उपाशी आहे हे कळूनही गप्प बसलो तर उद्या अल्लाला काय तोंड दाखवू?"

"अल्लाचं नंतर बघू. आधी ही गोणी उचला. रात्रभर इथे राहिली तर सकाळी मशिदीच्या पायरीवर नेऊन ओतीन, मग कोंबड्या तरी जेवतील."

दोघा बाप्यांनी ती गोणी परत खांद्यावर घेतली. बिचाऱ्यांच्या पोटात रोजा होता, पण मला दया आली नाही. गल्लीतली प्रत्येक खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कार्यशाळेकडे गेले. नदीकाठी जुनी भातगिरणी होती, तिथे या फंडवाल्यांनी रंगरंगोटी करून माग बसवलेत. सोंगकेत, म्हणजे सोन्याच्या तारेचं आमचं कापड, मरायला टेकलंय आणि आपण ते जगवणार, असं म्हणत हे लोक क्वालालंपूरहून आले. आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या कमरेला सोंगकेत नसेल तर वऱ्हाड दारातून आत येत नाही. मरायला टेकलंय म्हणे! यंत्रावरचं नकली कापड बाजारात आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं, हे खरं. पण कमी गिऱ्हाईक आणि मेलेली कला यात फरक आहे की नाही?

फलक दारातच होता, माझ्यापेक्षा उंच. फोटो माझाच. मागच्या अंगणात मासे साफ करत होते तेव्हाचा. जुनं सारोंग छातीवर बांधलेलं, केस सुटलेले, मनगटापर्यंत खवले. कोण बाई मासे साफ करायला रेशीम नेसते? मला अरबी वळणाचं अक्षर येतं. हे इंग्रजी वळणाचं लावून लावून वाचावं लागतं. पण सेनाह होती ना हजर! सेनाह माझ्या मागच्या दारची. नवऱ्याच्या होड्या आहेत, दर्यावर माणसं कामाला आहेत.

"मी वाचते हं, अक्का," ती म्हणाली, आणि रोजा सुटल्यावर कोणी खीर खावी तशी चव घेत वाचू लागली. "'वर्षानुवर्षं हे कुटुंब पडक्या झोपडीत मीठभात खाऊन जगत होतं. आज वान मस्तुरा आणि त्यांची विधवा सून मान वर करून जगतात.' अय्या, झोपडी! अक्का, तुमच्या झोपडीला सागवानी खांब किती गं?"

"तुझ्या जिभेपेक्षा कमी."

मला उभ्याउभ्या शिसारी आली. शब्दांची नाही, शब्द तर माझ्या ओळखीचे होते. ते माझ्याच घरातले होते.

ही गोष्ट मागच्या वर्षीची. फंडवाल्यांची अदलीना नावाची मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे आली. बापाचे पैसे, शिक्षण सगळं परदेशात, जातीने मलय पण जीभ पाहुणी. सून रुबियाने तिच्यासाठी कुपा माशाचं नारळाच्या रसातलं कालवण केलं, बदकाची अंडी, चिकटभात, पाच प्रकारचं गोड. ताट ठेवायला जागा नव्हती. आणि मग जे कुठलीही घरंदाज बाई म्हणते ते रुबिया म्हणाली, "घर कसलं आमचं, खोपटं आहे. मीठभात आहे, गोड मानून घ्या." मीही वरून म्हटलं, "या खोपटाला तुमचे पाय लागले हेच खूप." असं म्हणायचं असतं. पाहुण्याने मग म्हणायचं, छे हो, हा तर महाल आहे. इथपर्यंत तर शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

अदलीना तसं म्हणाली नाही. तिने मान खाली घातली, दोनदा भात मागून घेतला, बोटं चाटली, आणि घरी जाऊन लिहिलं की ही माणसं मीठभात खातात.

मी तिला आतल्या खोलीत गाठलं. गार हवेच्या यंत्राखाली शाल पांघरून बसली होती. आपल्याच गावात थंडी विकत घेतात आणि मग शाली पांघरतात.

"मावशी! या ना, बसा. फलक पाहिलात? किती छान आलाय ना फोटो?"

"त्या दिवशी तू माझ्या घरी काय जेवलीस?"

"जेवण अप्रतिम होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "खरं सांगू? परत जाताना मी गाडीत रडले. मला वाटलं, या बायकांनी माझ्यासाठी उसनं आणून केलं असणार."

घ्या. इथे मी हिच्यापुढे कालवण वाढतेय आणि ही माझी उधारी मोजतेय.

"पोरी, ते म्हणायची रीत असते. आम्ही पाहुण्यापुढे स्वतःला लहान करतो. तुझ्या आजीने तुला शिकवलं नाही?"

तिच्या तोंडावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू उमटलं, आणि मला वाटलं आता ही उठून तो फलक उतरवेल. पण ती दार लावून परत आली.

"मावशी, हे आता बाहेर बोलू नका. असं बघा, ज्यांनी पैसे घातलेत त्यांना बदल दिसावा लागतो. आधी काय होतं, नंतर काय झालं. त्यांचे पैसेही वाढायला हवेत आणि लोकांचं भलंही व्हायला हवं, दोन्ही."

"म्हणजे पुण्य हवं आणि पुण्यावर व्याजही हवं."

"व्याज नाही, परतावा."

"हो, व्याज म्हटलं तर हराम होतं."

ती हसली. मी विनोद केलाय असं तिला वाटलं. "आणि यात लाजायचं काय, मावशी? ही तुमच्या जिद्दीची गोष्ट आहे. ती मोडली तर रुबिया निकषातच बसणार नाही. तिचा माग दुसरीला द्यावा लागेल."

बाहेर आले तर सेनाह अनवाणी मागावर बसली होती. कानात काही नाही, हातात काही नाही. कालच बाजारात तिच्या हातात माझ्याइतक्याच बांगड्या मी पाहिल्या होत्या.

"चपला कुठे गेल्या गं?"

"पिशवीत," ती हळूच म्हणाली. "फोटोवाले केव्हा येतील सांगता येत नाही, अक्का."

तिथल्या निम्म्या बायकांच्या पिशव्या मागाखाली फुगलेल्या होत्या. चपला, घड्याळं, सोनं, अब्रू, सगळं पिशवीत. थुंकावंसं वाटलं, पण रोजा होता, गिळलं.

संध्याकाळी रोजा सोडल्यावर रुबियाला समोर बसवलं. माझा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या मागे ही माहेरी गेली नाही, माझ्याजवळ राहिली. ती जास्त बोलत नाही, पण तिच्या हाताला मान आहे. सोन्याची तार तिच्या बोटात येते तेव्हा तुटत नाही.

"तू पहिल्यांदा म्हणालीस ती रीत होती," मी म्हटलं. "पण त्या बयेने पुन्हा विचारलं असेल ना?"

"विचारलं. वाचून दाखवलं. बरोबर आहे ना म्हणाली."

"आणि?"

"मी हो म्हटलं, आई."

मी खजूर ताटात परत ठेवला. "तुला तेव्हा कळत होतं?"

"सगळं कळत होतं."

"मग अशी अक्कल गहाण का टाकलीस? या घरात तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी विणते, लोक म्हणतात वान मस्तुराचं कापड. मी बांबूच्या कोंबाची नक्षी बांधली, लोक म्हणाले वान मस्तुराची नक्षी. तुम्ही विणायचं सोडून किती वर्षं झाली? तिथे मागावर माझ्या नावाची पाटी आहे. कापड विकलं की खाली माझं नाव जातं."

"गरीब रुबिया म्हणून जातं."

"रुबिया म्हणून तरी जातं!"

तिने आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. खाली कोंबड्या फडफडल्या. मला तिचा राग यायला हवा होता, आला तोही, पण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. तरी मी माघार घेतली नाही. माघार घेतली असती तर पुढच्या रमजानला गोणी पुन्हा आली असती, आणि मग मी मेल्यावर माझ्या प्रेतासाठी मशिदीने वर्गणी काढली असती.

"तुझं नाव तू हवं तिथे लाव," मी म्हटलं. "पण ज्याला हक्क नाही त्याने गरिबाचं दान घेणं हराम. हाजीला जाऊन सांग की हे घर घेणारं नाही. मी सांगितलं तर म्हणतील म्हातारीला अभिमान आहे. तू सांग."

ती उठली. चादर डोक्यावर घेतली आणि गेली. मशिदीत बायकांच्या पडद्यामागून तिने हाजीला सांगितलं. ते हाजीने कमिटीला सांगितलं, कमिटीने बायकांना सांगितलं, आणि ईदच्या आधी सगळ्या गावाला कळलं की वान मस्तुराचं घर जसं होतं तसंच आहे. ईदला आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. सगळ्यांनी भरपूर खाल्लं आणि एकानेही माझ्याकडे दयेने पाहिलं नाही. माझं नाव शाबूत राहिलं.

फलकही उतरला. दुसरा लागला. आता त्यावर सेनाहचा फोटो आहे, अनवाणी, डोळे पाणावलेले. ओळ तीच, पडकी झोपडी आणि मीठभात. एक अक्षर बदललं नाही, फक्त तोंड बदललं. ज्यांनी पैसे घातले त्यातला एक गोरा म्हातारा विमानाने आला, सेनाहचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडला. सेनाहही रडली. बांगड्या घरी तांदळाच्या डब्यात होत्या. मशिदीची गोणी तिच्याकडे वळली. तीही तिने घेतली, वर तांदूळ जुना आहे म्हणून नावं ठेवली.

आणि रुबियाचा माग दुसरीला गेला. नारळाची बाग आहे, सोनं आहे, घरातल्या सगळ्यांचं मिळून पाहायचं म्हणे, निकषात बसत नाही. नावाची पाटी अदलीनाने उपटून तिच्या हातात दिली, आठवण म्हणून ठेवा म्हणाली. रुबियाने ती घरी आणली आणि कोनाड्यात उलटी ठेवली. आमचा जुना माग घराखाली खांबांच्या मध्ये होता, त्यावर ती बसली आणि साधं सुती विणायला लागली. सोन्याच्या तारेचं रीळ तिने उघडलंच नाही. माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. आई, वाढू का. आई, औषध.

मग एक दिवस अदलीना पुन्हा आली. या वेळी तिने काही खाल्लं नाही.

"रुबिया, एक मार्ग आहे," ती म्हणाली. मी तिथेच सुपारी कातरत बसले होते, पण तिला मी खांबासारखी. "तुम्ही विधवा आहात. तुमची चूल वेगळी असेल तर तुम्ही वेगळं घर. मग मावशींची बाग, मावशींचं सोनं तुमच्यात धरलं जाणार नाही. एकटी बाई म्हणून तुम्ही पहिल्या क्रमांकावर याल."

"मी इथेच राहते की," रुबिया म्हणाली.

"राहा ना! फक्त स्वयंपाक वेगळा करा. खाली जागा आहे. एवढंच."

एवढंच! माझ्या हातातला अडकित्ता थांबला. जावा-जावांची भांडणं झाली, भावाभावांत खून पडले तरी या घरात दुसरी चूल पेटली नव्हती. आणि ही पोरगी भलं करायला म्हणून येते आणि सासू-सुनेमध्ये चूल मांडून जाते, वर "एवढंच" म्हणते.

मी रुबियाकडे पाहिलं. नाही म्हण, असं मी तोंडाने म्हटलं नाही. तिने मला विचारलंही नाही. माझं नाव मी राखलं होतं, तिच्या नावाची किंमत देऊन. आता कुठल्या तोंडाने तिला अडवू?

दुसऱ्या दिवशी मागाच्या बाजूला गॅसची शेगडी आली, दोन पातेली, एक झारा. त्या संध्याकाळी तिने जिन्याच्या पायरीवर वाडगं ठेवलं आणि खालूनच हाक मारली, "आई, कालवण ठेवलंय." शेजारणीला देतात तसं. मी ते मांजरीपुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही सरकवलं. मांजर आमची सुटत चालली.

मग एका दुपारी खालून कुपाच्या कालवणाचा वास आला. माझ्या आईने मला शिकवलेलं, मी हिला शिकवलेलं. मला राहवलं नाही. बोलावणं नसताना मी खाली गेले, चटईवर बसले आणि म्हटलं, "वाढ."

तिने निमूट वाढलं. दोघी समोरासमोर जेवायला लागलो.

"आंबट कमी आहे," मी म्हटलं.

"आमसूल तुम्हीच वाळवलंय."

"मग आमसूल चांगलं आहे, हात कमी पडला."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मागावर नवा ताणा चढवलेला होता आणि सोन्याचं रीळ उघडं होतं. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं. मी अजून एक घास घेतला तोच फाटकाशी गाडी थांबली. शहरी बुटांचा एक पोरगा उतरला, हातात बोटाने चालवायची काचेची पाटी. याला मी कधी पाहिलं नव्हतं, यानेही मला नाही. फंडवाल्यांच्या कामावर नजर ठेवायला दुसरे कोणी असतात, त्यांचा होता.

"रुबिया का? जेवा, जेवा, उठू नका. थोडंच विचारायचंय. एकट्याच राहता?"

"हो."

"आणि या?"

रुबियाचा हात भातात थांबला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर, अल्लाशपथ, मी काहीही बोलून गेले असते. पण ती ताटाकडे बघत होती.

"शेजारच्या काकू आहेत," ती म्हणाली.

पोराने छातीवर हात ठेवून मला अदबीने सलाम केला. "बरं झालं भेटलात. खरंच यांची चूल वेगळी आहे ना, मावशी?"

"मला काय विचारतोस? तुझ्या पायाशी पेटलीय."

खोटं नव्हतं. त्याने बोटाने पाटीवर टिचकी मारली. "मला यांच्याशी थोडं एकट्याने बोलायचंय. तुमचं जेवण झालं की..."

झालं होतं. अर्धा भात तसाच होता, पण झालं होतं. मी हात धुतला, चादर नीट केली, आणि शेजारीण म्हणते तसं म्हटलं, "येते गं बाई. कालवण छान झालं होतं. कधी तूही ये आमच्याकडे, आमचं काय, साधंच असतं."

रुबियाने मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते.

माझा जिना हातभर अंतरावर होता. मी एक पाय त्या बाजूला टाकला आणि थांबले. तो पोरगा माझ्याकडेच बघत होता, हसत, म्हातारीला वाट करून देत. वर चढले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. माझ्या नवऱ्याने घडवलेला जिना, माझ्या लग्नाची वरात ज्यावरून चढली तो जिना, त्याच्या शेजारून मी परक्या बाईसारखी गेले. फाटक उघडलं. बाहेर आले. ऊन डोक्यावर होतं आणि घोटभर पाणी प्यायचं राहिलं होतं. हाताला कालवणाचा वास तसाच.

सेनाह कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. या वेळी बांगड्या हातात होत्या. "अक्का, भर दुपारी कुठे?"

"शेजारी जेवायला गेले होते," मी म्हटलं. "घरी चाललेय."

आणि घराकडे पाठ करून चालत राहिले.